कॅप्टनच्या हातात सुया

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात हाताच्या व्यायामाचा नंबर लागायची वाट पाहत बसलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या कानावर शेजारच्या आत्या-भाचीचं बोलणं पडत होतं. आत्याच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं.

“आत्या, आपल्या आवडत्या अंतराळ-मालिकेवर मी कॉमिक काढलंय. यात कॅप्टन यानात बसून स्वेटर विणते.”

“विणते? मला वाटलं, ढोल बडवतेय.”

“आत्या!”

“अगं, सुया अशा मुठीत धरतात होय? आणि लोकर कुठाय?”

“तिथे सगळं तरंगतं.”

“तरंगू दे, पण बोटावरून यायला नको?”

“मग धरून दाखव. तुझ्या सुया आणल्यात मी.”

“नको गं. या बोटांनी कपाचा कान धरवत नाही. माझं विणणं संपलं आता.”

“बरं. उद्या हे चाहत्यांच्या अंकात छापून आलं की कॅप्टनला सगळे हसतील.”

“हसतील कसे? दे इकडे! लोकर तर्जनीवरून, अशी... आई गं! सुटला टाका. थांब, पुन्हा घेते. हं, काढ चित्र.”

“हलू नकोस ना!”

“न हलता विणू कशी, शहाणे?”

“आत्या, आतून बोलावतायत. ऊठ.”

“ओळ अर्धी टाकून उठत नाहीत. अहो बाई, आधी तुम्ही जाता का?”