पाद्रीबंगल्याची भेग

बाळाच्या लशीसाठी मी गावच्या दवाखान्यात बसले होते. पुढच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या.

“काय गं एव्हिस, भेग बघायला माणूस येणार होता ना? सोडावा लागणार का पाद्रीबंगला?”

“आला काल. जिन्यातल्या भेगेत त्याची चार बोटं आत गेली.”

“अगं बाई.”

“मला वाटलं, संपलं. तो मात्र हसायलाच लागला. म्हणाला, बाई, ही दोन घरं आहेत. आतलं लाकूड-मातीचं, चारशे वर्षांपूर्वीचं. पुढची विटांची भिंत कुणा पाद्र्यानं मागाहून नुसती दिमाखासाठी लावली.”

“तरीच मागून गोठ्यासारखं दिसतं.”

“गप गं. आतल्या घराचं आणि त्या भिंतीचं कधी जुळलंच नाही म्हणे. मधली फट गिलाव्यानं झाकली होती, तो आता पडला.”

“म्हणजे घर खचत नाहीये?”

“नाही. आपल्या सगळ्यांना कबरीत पोचवून मग पडायचं बघेल म्हणाला.”

“मग डोळे का पुसतेस?”

“कालपासून चहा नाही. तो यायच्या आधीच सगळं सामान बांधून ठेवलंय, किटली कुठल्या खोक्यात गेली कळत नाही.”

“किटली? अगं, किटली सगळ्यात शेवटी बांधतात.”

“माहीत आहे गं. इतकी घाबरले होते मी.”