सत्काराचं पत्र आलं तवा

मी मूळचा पालेगावचा, भोईर, आमची भातशेती, वडील नि दोन चुलते एकत्रच करायचे, आणि मी सातवीपर्यंत शिकलो एवढंच. फुटबॉल कुठून आला इचाराल तर जोसेफ नावाचा एक केरळचा फिटर होता, तो आमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा, फॅक्टरीत कामाला होता, आणि भात कापून वावर मोकळं झालं की संध्याकाळी चेंडू घेऊन उतरायचा. आम्ही गावची पोरं अनवाणी, कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचायचे, रक्त यायचं, पण जोसेफ बोलायचा, बॉलकडं बघू नको, समोरच्याच्या कमरेकडं बघ, पाय फसवतात, कंबर फसवत नाय. ते मी कदी विसरलो नाय. पुढं तो आखातात गेला तो गेलाच, आणि मी अंबरनाथच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागलो. घंटा द्यायची, पाणी भरायचं, ऑफिसच्या कपाटाच्या चाव्या सांभाळायच्या. पोरं मला मामा बोलायची, सगळ्या शिपायांना बोलतात तसं.

आता काय सांगू तुम्हाला, शाळेत फुटबॉलची टीम काढायचं ठरलं तवा पीटीला पाठक सर होते, बदलापूरचे, पांढरे बूट, पांढरी पँट, माणूस एकदम टापटीप. लेझीम, खो-खो यात त्यांचा हात धरणारा नव्हता, पण फुटबॉल त्यांनी पुस्तकातून वाचलेला. एक दिवस मैदानावर पोरांना पुस्तक धरून समजावत होते आणि मी पाण्याची बादली घेऊन चाललेलो, मला हसू आलं. सरांनी बघितलं. बोलले, भोईर, हसता काय, या इकडं. मला वाटलं आता मेमो मिळणार, तर त्यांनी बॉलच माझ्याकडं टाकला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली नि दाखवलं पोरांना काय दाखवायचं ते. त्या दिवसापासून सकाळी सहा ते सात मैदान माझं, कागदावर कोच पाठक सर. मॅचला सर शिट्टी गळ्यात घालून खुर्चीवर, मी पाण्याच्या बादलीजवळ, आणि तिथनं मी वरडायचो, कंबर बघ रे, कंबर बघ.

रंगीत टीव्ही नुकते घरोघरी यायला लागले होते त्या सुमाराला आमची टीम लय भारी झाली. गोलीला हरेश होता, उल्हासनगरचा सिंधी पोरगा, बापाचं कॅम्पात कापडाचं दुकान, मराठी तोडकंमोडकं बोलायचा पण हात असे लांब की बॉल जाऊच द्यायचा नाय. पुढं संजय खेळायचा, आमच्याच पालेगावचा. सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत आम्ही उल्हासनगरच्या एका शाळेला सेमीफायनलात हरवलं, पोरांनी मला खांद्यावर घेतलं, सरांना नाय, मला. तवा मी सरांकडं बघितलं, तर ते हसत होते पण मला ते हसणं बरोबर वाटलं नाय. तिथनं माझ्या डोक्यात किडा शिरला असं समजा.

फायनलच्या चार दिवस आधी तक्रार आली. हरेशचं वय जास्त हाय, शाळेनं खोटं लावलंय. हेडमास्तरांनी जनरल रजिस्टर काढलं, तर हरेशच्या जन्मसालावर खोडाखोड, वर दुसऱ्या शाईनं लिवलेलं. कपाटाच्या चाव्या कुणाकडं, तर भोईरकडं. टीमचं वेड कुणाला, तर भोईरला. मला केबिनमध्ये बोलावलं, सायब बोलले, भोईर खरं सांगा. मी बोललो, सायब, मी देवाची शप्पत घेतो, त्या रजिस्टरला मी फडक्यानं पुसण्यापलीकडं हात लावला नाय. पाठक सर तिथंच उभे होते, खिडकीबाहेर बघत. एक शब्द बोलले नाय. माझ्या बाजूनं नाय नि विरोधात नाय.

टीम बाद झाली. दोन दिवसांनी मला लेखी मिळालं, खेळाच्या कुठल्याही कामात भाग घ्यायचा नाय, मैदानावर जायचं नाय. मी सही केली. नोकरी राहिली ती कशी राहिली याचा मी तवा इचारच केला नाय, मला वाटलं मी निर्दोष म्हणून राहिली. पुढं सकाळी मैदानावर पोरांचा आवाज यायचा नि मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायचो, खिडकी लावून घ्यायचो.

अकरा वर्षं मी एकच गोष्ट केली, संशय घेतला. आधी हरेशवर, मंग ऑफिसातल्या क्लार्कवर, पण फिरून फिरून पाठक सरांवरच. खांद्यावर पोरांनी मला घेतलं ते त्यांना सोसलं नाय, त्यांनीच तक्रार करवली, असं मी धरून चाललो. सरांनीपण त्यानंतर टीम कदी काढली नाय, लेझीमसुद्धा दुसऱ्याकडं दिली, तर मला वाटायचं, बघा, मन खातंय. ते रिटायर झाले तवा पेढे घेऊन पालेगावला माझ्या घरी आले, उन्हातनं चालत. मी ओटीवरच उभा राहिलो. बसा बोललो नाय. घरातनं बायको, सुमन, पाण्याचा तांब्या घेऊन आली तर मी तिला डोळ्यानं मागं फिरवली. सर बोलले, भोईर, एक सांगायचं होतं. मी बोललो, आता काय सांगायचं राहिलं, सर. ते उंबऱ्यावर पेढे ठेवून गेले. मी ते खाल्ले नाय, सुमननं शेजारी वाटून टाकले आणि माझ्याशी आठ दिवस बोलली नाय.

मंग मी रिटायर झालो, त्याला वर्ष झालं असंल, आणि हे पत्र आलं. माजी विद्यार्थ्यांनी छापलेलं, शाळेच्या फुटबॉल संघाच्या माजी प्रशिक्षकांचा सत्कार, आणि खाली दोन नावं, श्री. पाठक आणि श्री. भोईर. प्रशिक्षक! मी ते तीनदा वाचलं. पहिलं मनात आलं ते हेच, की यांना पाहिजे काय माझ्याकडनं? कारण पत्र घेऊन आला होता संजय, आणि संजय आता जमिनीची दलाली करायचा, पालेगावात रोज नवी प्लॉटची पाटी लागत होती नि दलाल बोलायचे, सातबारा बघू द्या काका, सातबारा बघू द्या. मी सुमनला बोललो, शाल घालतील, फोटो काढतील नि कुठंतरी सही घेतील. सुमन बोलली, मंग सही करू नका, पण जा. आणि गेल्यावर त्यांना भेटा. त्यांना म्हणजे पाठक सरांना, नाव घेतलं नाय तिनं.

गेलो. शाळेचा हॉल, पोरं सगळी बाप्ये झालेली, कुणाला मिशा, कुणाला पोट. दारातच एका पोरीनं वही पुढं केली, काका इथं सही करा. मी हात मागं घेतला. कसली सही? ती बोलली, पाहुण्यांची. मी पूर्ण वही वाचली, मागची पानंपण उलटून बघितली, लोक माझ्या मागं थांबलेले, तरी सही नाय केली. शेवटच्या रांगेत जाऊन बसलो, संजय हाताला धरून पुढं न्यायला आला तर बोललो, मला इथनं दिसतंय.

पाठक सरांना दोघांनी धरून आणलं. त्यांना लकवा झालेला, उजवी बाजू गेलेली, बोलणं जड. ते मला माहीत नव्हतं, बदलापूर किती लांब हो, पण मला माहीत नव्हतं.

आधी हरेश उठला. दुकान तोच बघतो आता. माइक हातात घेतला नि बोलला, मामा, मेरा बर्थ का साल माझ्या पप्पांनी बदललं होतं, आठवीत ॲडमिशन घेताना, क्लार्कला पकडून, पुढं वय कमी दिसावं म्हणून. फुटबॉलसाठी नाय. सेमीफायनलात हरलेल्या टीमची पोरं माझ्या गल्लीतली, त्यांना माझं खरं वय माहीत होतं, तक्रार त्यांनीच केली. मला तेव्हाच कळलं होतं, मी घाबरलो, मामांना मैदानावरून काढलं तरी गप बसलो. मी शेवटच्या रांगेतनं उभा राहून इचारलं, क्लार्क मेला, तुझे वडील गेले, हेडमास्तर गेले, आता बोलतोस? अकरा वर्षं कुठं होतास? त्यानं माइक खाली ठेवला नि हात जोडले.

मंग हरेशनंच सांगितलं की हे सगळं त्यानं पाठक सरांना सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि सर बोलले होते, मला नको, भोईरला सांग. आणि तू नाय गेलास तर मीच जाऊन सांगतो, असंही बोलले होते. म्हणजे बघा तुम्ही, ते पेढे.

मी पुढं गेलो तेव्हा मला शाल नि नारळ दिसलाच नाय. सरांसमोर बसलो खाली. बोललो, सर, त्या केबिनमध्ये तुम्ही गप का राहिलात? त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. बोलले, बोललो होतो... आधी. आदल्या दिवशी. शेजारी सरांच्या मंडळी होत्या, आम्ही त्यांना बाई बोलतो, त्यांनी पुरं केलं. हेडमास्तर मला काढूनच टाकणार होते, तवा सरांनी लिहून दिलं, कोच मी हाय, जबाबदारी माझी, भोईरची नोकरी घेऊ नका, मी पुन्हा टीम लावणार नाय. आणि हे भोईरला कळता कामा नये, नायतर तो राजीनामा टाकील. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं, टाकलाच असता मी. मी बोललो, सर, तुम्ही उन्हात आलात नि मी पाणी पण दिलं नाय. ते बोलले, तहान... लागली होती. आणि हसले अर्ध्या तोंडानं, आणि मला तवा पहिल्यांदा कळलं की सेमीफायनलला पण ते असेच हसले असणार, साधे.

आता तुम्हाला वाटंल माझा संशय गेला. कुठला जातोय! पंधरा दिवसांनी संजय आलाच घरी, काका, सहज इचारतो, सातबारा कुणाच्या नावावर हाय? मी सुमनला बोललो, बघ, अर्धा तरी मी खरा होतो ना. त्याला चहा पाजला नि पाठवून दिलं. हरेश दिवाळीला मिठाई पाठवतो, तीपण मी दोन दिवस तशीच ठेवतो, उगाच. रागही पुरता गेला नाय त्याच्यावरचा, जाईल तवा जाईल. स्वभाव हाय, साठीनंतर कुठं नवा करू.

पण रविवारी मी बदलापूरला जातो. वालाच्या शेंगा नेतो, शेतात असंल ती भाजी नेतो. सरांना खुर्चीत बसवून अंगणात आणतो, समोरच्या गल्लीत पोरं चेंडू मारत असतात, सर बोलतात, ऑफ... ऑफ... मी बोलतो, नाय सर, ऑफसाइड नव्हता, तुमचं पुस्तक चुकीचं हाय, आणि ते डाव्या हातानं खुर्ची ठोकून भांडतात माझ्याशी, बाई आतनं वरडतात, पुरे आता दोघांचं. मला माणूस दिसला की मी आधी त्याच्या मागं काय हाय ते बघतो, तुमच्याही मागं बघितलं, राग मानू नका. सरांच्या त्या एका दारात तेवढं बघत नाय. देव त्यांना अजून बोलायला लावो, आणि तुमचंही बरं होवो.