जोडप्याच्या मागचं पिवळं

माझं नाव नंदकुमार, पण चारकोपात येऊन नंदकुमार कोण विचाराल तर कुणी सांगायचं नाही, फोटोवाले नंदूकाका विचारा, सेक्टरातलं शेंबडं पोर पण दुकानापर्यंत आणून सोडेल. जन्म आरे कॉलनीतला. वडील तिथे म्हशींच्या युनिटवर कामाला, क्वार्टर मिळालेलं, मागे सगळं रान, तिन्हीसांजा झाल्या की आई हाका मारायची, नंद्या घरात ये, बिबट्या उचलून नेईल. मी बिबट्या एकदाच बघितला, तो पण नुसती शेपूट, झाडीत गेली ती. दहा वर्षांचा असेन. तेव्हापासून डोक्यात बसलं होतं, एकदा जनावर समोरून बघायचं आणि त्याचा फोटो काढायचा. हसू नका, लहान पोराच्या डोक्यात काय बसेल त्याला काही नेम असतो का.

दहावी झाल्यावर गोरेगावात एका स्टुडिओत लागलो. शेठ बोलायचा, रोल महाग आहे नंदू, एक माणूस, एक क्लिक, डोळे मिटलेले आले तर शिव्या तू खायच्या. तिथे शिकलो सगळं, मग चारकोपला स्वतःचं दुकान टाकलं. पासपोर्टचे, बारशाचे, लग्नाचे, साखरपुड्याचे, कुणी वारलं की हार घालायला मोठा करून द्यायचे. मला त्याची लाज नाही, त्याच्यावर घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं. पण काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्षांत एक फोटो असा नाही जो कुणी सांगितला नव्हता आणि मी काढला. सगळे ऑर्डरचे. मला फक्त एक माझा पाहिजे होता, जनावराचा, टीव्हीवर आफ्रिकेतले दाखवतात तसा. एकच.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा आमची ही बोलली, किती वर्षं तेच तेच बोलताय, जा एकदाचे त्या आफ्रिकेला, मला विमानाची भीती वाटते, मी काही येत नाही. घाटकोपरचा एक कौस्तुभ म्हणून पोरगा आहे, तो फोटोग्राफीवाल्यांना केनियाला नेतो, सहाच माणसं, दोन जीपा. नाव दिलं. एक जुनी लांब लेन्स घेतली, माझ्या कोपरापर्यंत येईल एवढी, आणि दोन महिने गच्चीवर कावळ्यांवर हात बसवला. सोसायटीतले बोलायचे, काका, कावळ्याला पण पासपोर्ट काढून देताय काय.

आणि तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी माती खाल्ली मी. जेवायला बसलो, सगळे आपापली ओळख करून देत होते, मी बोलून गेलो, माझा स्टुडिओ आहे. झालं, तिथेच वाट लागली. माझ्या जीपमध्ये मुलुंडचं जोडपं होतं, अजय आणि शिल्पा, तो बँकेत, ती शाळेत शिकवते. माणसं चांगली हो, वाईट नाही बोलणार मी, घरच्या चकल्या पहिल्या माझ्या हातावर ठेवायची ती पोरगी. पण सारखं आपलं काका, आमचा एक काढा ना. सिंह झोपलाय, काका, सिंह मागे घेऊन काढा. जिराफ चाललाय, काका, पटकन. आणि जवळच्या माणसाचा फोटो लांब लेन्सने निघत नाही, ती उतरवायची, छोटी लावायची, यांचा काढायचा, परत लांब लावायची, तोपर्यंत जिराफ गेलेला असतो, तो काय माझ्यासाठी थांबणार आहे. आमचा ड्रायव्हर जोसेफ, तिथलाच, त्याला भाषा कळत नव्हती पण सगळं कळत होतं. तो मला गुपचूप बोट करून दाखवायचा, तिकडे बघ, आणि मी वळतोय तोवर मागून हाक, काका. नाही बोलायचं ना मग, तुम्ही म्हणाल. येत नाही हो तोंडातून. गिऱ्हाइकाला नाही बोलायची सवयच नाही या जिभेला. कौस्तुभला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा रे, मी पण तुझा गिऱ्हाईकच आहे. तो बोलला, काका, तुम्ही किती लोकांना आनंद देताय, बघा तरी.

शेवटची सकाळ. मी मनाशी ठरवून आलेलो, आज लेन्स उतरवायची नाही, मेलो तरी नाही. नेमका त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. कोवळं ऊन पडलेलं, गवत सगळं सोन्यासारखं, शिल्पा बोलली, काका, आजचा एकच, नंतर नाही त्रास देणार. उतरवली लेन्स. दोघं जीपमध्येच उभी राहिली गवताकडे पाठ करून, अजयने तिच्या खांद्यावर हात टाकला, मी डोळा लावला, आणि त्यांच्या मागून काहीतरी पिवळं चालत आलं. तुम्हाला खोटं वाटेल. चाळीस वर्षं लग्नात काय करतो आम्ही, नवरा-नवरी उभी असतात आणि मागून कुणीतरी प्लेट घेऊन जातं. माझ्या तोंडातून आलं, मागचे, जरा बाजूला व्हा. हाताने पण केलं, असं, व्हा बाजूला. जोसेफ पुटपुटला, डूमा, डूमा. त्यांच्या भाषेत चित्ता. माझं बोट दाबलं गेलं तेवढं एकदा, मग ती दोघं किंचाळत मागे वळली, मी मांडीवरची लांब लेन्स उचलेपर्यंत तो गवतात. गेला. त्या दोघांनी मोबाईलवर काढला पळताना. मला बोलली, काका, बघितलात ना, नशीब लागतं.

परत आल्यावर सगळ्यांचे फोटो पाठवून दिले, पंधरा दिवसांनी शिल्पाचा मेसेज. काका, आमचा तो फोटो एवढा झकास आलाय, दोघांचे डोळे उघडे असलेला हाच एक, हॉलमध्ये लावणार आहोत, फक्त मागे तो चित्ता नुसता पिवळा धूसर दिसतोय ना, तो आमच्या मोबाईलवर आहेच, सासूबाई बोलल्या कुत्रं आहे का, तेवढं काढून द्याल?

तीनदा वाचला मी तो मेसेज. ही बोलली, आता तरी नाही सांगा, आयुष्यात एकदा तोंड उघडा. सांगतो बोललो. आधी बघू तरी म्हणून कॉम्प्युटर लावला, मोठा केला. धूसरच होता, ठिपके एकमेकांत गेलेले, पण डोळ्याखालची काळी रेघ कळत होती, आणि तो माझ्याकडे बघत होता. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू. आणि रडता रडता हात चालू झाला. बाजूचं गवत उचललं, त्याच्या पायावर ठेवलं, मग पोटावर, मग तोंडावर. अर्ध्या तासात साफ. पाठवून दिला. तिने लिहिलं, काका, जादू आहे तुमच्या हातात, देव तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य देवो.

मूळ फोटो आहे, टाकून दिला नाही मी. ही बोलते, दुकानात लावा. काय लावू? मुलुंडचं जोडपं आहे ते. लोक विचारतील, हे कोण तुमचे?

राग त्यांचा नाही येत. माझा येतो, या हाताचा येतो, आणि परत जायचं वय पण नाही राहिलं. चालायचं, पोरगी सुखात आहे, ही बरी आहे, दुकान चालू आहे. परवा एक बाई आल्या व्हिसाचे फोटो काढायला, बोलल्या, काका, तुम्ही आफ्रिकेला गेला होतात ना, चित्ता दिसला का? दिसला ना, बोललो. मग दाखवा की फोटो. मी मुलुंडवाल्यांना साफ करून पाठवलेला तो दाखवला. त्या चष्मा पुसून परत बघायला लागल्या, बोलल्या, यात कुठे आहे हो? मी बोललो, होता. तुम्ही मान जरा डावीकडे घ्या.