दुमडलेलं टोक

बोटींच्या सामानाच्या दुकानात सुतार दोर घ्यायला थांबला होता. त्याच्या पुढच्या बाईंनी दुकानदारापुढे काउंटरवर तारेचं वेटोळं ठेवलं.

"दोन तळांची छोटी शिडाची बोट आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारा. उजव्या तारेची पिन वाळूत हरवली. डाव्या तारेची आहे, अगदी तश्शी द्या."

"वर गुंडाळलेली ही चिकटपट्टी काढावी लागेल, ताई. पिन आत आहे."

"न काढता नाही का जमणार?"

"जाडी कशी कळणार? पिनेतली रिंग शिडाला अडकू नये म्हणून वरून पट्टी लावतात. जुनी झाली की कापायची, नवी लावायची. त्यात काय एवढं?"

"ह्यांनी लावलेली ही शेवटची. पावसाळ्याआधी गेले हे."

दुकानदाराने हातातली कात्री खाली ठेवली.

"कापा. लेक म्हणते, बोट विकून टाक. मला एकदा तरी पाण्यात न्यायचीय."

"कापायला नको, ताई. टोक दुमडून ठेवलंय बघा. असं कुणी करत नाही हो."

"मला नखं कुरतडायची खोड. पट्टी सुटायची नाही. हे चिडायचे, पण टोक दुमडून ठेवायचे."

"मग तुम्हीच ओढा."

पट्टी अलगद सुटत गेली. सुतार उगाच दोरांकडे बघत राहिला.

"ही घ्या पिन, ही रिंग. वरून पट्टी लावा, आणि टोक दुमडायला विसरू नका."

"दुमडायचं काम ह्यांचं होतं हो. मी नुसती ओढायचे."