उकिरड्यावरचा अनुभव

...आणि वर मलाच विचारतात, "अनुभव आहे का?" शी! थुंकलोच असतो, पण तुम्ही समोर बसलाय म्हणून गिळतो. अहो, चाकणच्या बाजूचा शेतकऱ्याचा पोरगा मी, पुण्यात मामाच्या खोलीत राहून इतिहासात बी. ए. झालो, कशासाठी? तर भामा नदीच्या काठी आमच्या जुन्या, मोडून गेलेल्या गावाचं टेकाड आहे ना, तिथं सरकारी उत्खनन सुरू झालं म्हणून! लहानपणापासून त्या टेकाडावर खापरं वेचली मी, दुसरं काही व्हायचंच नव्हतं मला!

गेलो तंबूत. साहेब पानाला चुना लावत म्हणतात, "संस्कृत?" येतं. "मोडी?" वाचतो. "नकाशा?" काढतो. "हं... उत्खननाचा अनुभव आहे का?" आता सांगा राव, खणू दिल्याशिवाय अनुभव येणार कुठून? "अनुभवाशिवाय घेता येत नाही, नियम आहे," म्हणाले आणि पिंक टाकली ती थेट खणलेल्या चरात! हजारो वर्षांच्या मातीवर! शी शी!

शेजारी खुर्चीत उद्धवराव, साहेबांचे मेहुणे, पाय पसरून घोरतायत. नोकरीची जागा त्यांना मिळालेली. म्हटलं, यांना कसला अनुभव? "ते गेल्या वेळीही होते की!" मग गेल्या वेळी कसे लागले? "तेव्हा नियम नव्हता."

बरं म्हटलं, घेऊ अनुभव. पण कुठं? टेकाडाला हात लावू देत नाहीत, रानं पेरणीसाठी नांगरून ठेवलेली... उरला आमचा उकिरडा. हसू नका! थरावर थर, सगळ्यात जुना तळाला, शास्त्र तेच! सुतळीनं चौकोन आखले, खुरप्यानं एकेक थर अल्लाद काढतोय, आणि वास! वरच्याच थरात मेलेली घूस! आई ओट्यावरून ओरडतेय, "बाळाजी, आरं शेणात काय हुडकतूस?" मी म्हटलं, "अनुभव!" तिनं कपाळावर हात मारला.

पण शेजारची गवराबाई बघत होती ना! सुतळी काय, चौकोन काय, इतकं जपून आमच्या गावात कोण खणतं? ज्याला गुप्तधनाचा सुगावा लागलाय तो! दुपारपर्यंत नारळ आले, लिंबं आली, मग अख्खं गाव टिकाव घेऊन उकिरड्यात! हंडा काही निघाला नाही. मग रिकाम्या हातानं कसं परतायचं? जो तो पाटीपाटी खत घेऊन गेला!

वडील बांधावरून आले तर उकिरड्याच्या जागी खड्डा. "पेरणी तोंडावर आली, आन् वरसाचं खत ग्येलं! आता रानात तुजी बी. ए. घालू व्हय रं? जा, पिंपरीला कारखाना व्हतोय, तितं कायबी कर, हितं न्हाई!"

आलो पिंपरीला. रहिमानमियाँ मुकादम म्हणाले, "खोदकामाचा अनुभव हाय का?" आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून सांगितलं, "आहे!" टिकाव हातात! ना संस्कृत, ना मोडी, ना मेहुणा!

तर परवा, पाया खणताना, कमरेएवढ्या खोलीवर टिकावाला खापर लागलं. काळं-तांबडं, नक्षीचं. सदऱ्यानं पुसलं. शेजारी दुसरं. मग अख्खी भिंतच! ओरडलो, "रहिमानमियाँ, काम थांबवा! खाली जुनं गाव आहे!"

ते वाकले, खापर उलटंपालटं केलं, माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, यातला तुला काय अनुभव हाय?"

काय सांगू? उकिरड्याचा?

...टाकली खापरं मातीबरोबर पाटीत.