मुके रेडिओ

अवजारांच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघे भाऊ होते. थोरल्याच्या केसांत अजून सिमेंट होतं.

"साइटवर टिकेल असा रेडिओ दाखवा, शेठ. खेळणं नको."

"हा घ्या, मिस्त्री. चारी बाजूंनी रबर आहे, वरून पडला तरी फुटायचा नाही. तुमच्या ड्रिलचीच बॅटरी याला चालते."

"दिसायला पैलवान! आवाज कुठाय?"

"लावलाय की."

"याला लावलाय म्हणतात? यापेक्षा डास बरा. वाढवा."

"वाढवला."

"अजून."

"दादा, लोकांनी कानांवर हात ठेवलेत."

"नाजूक आहेत. अर्धा जन्म ब्रेकर धरून काँक्रीट फोडतोय मी, कधी कानात बोळे घातले नाहीत. आणि तू पुटपुटू नकोस, नीट बोल."

"ओरडूनच बोलतोय, दादा."

"शेठ, हे भंगार आत ठेवा. दुसरा काढा."

"दुसराही नको म्हणालात, हा तिसरा, मिस्त्री. याहून मोठा आवाज दुकानात कशाचाच नाही."

"म्हणजे तिन्ही मुके! हल्ली काय वाट्टेल ते विकतात."

"दादा, रेडिओ राहू दे. आधी डॉक्टरला कान दाखवू."

"तुझे दाखव. माझ्या कानांना काय धाड भरलीय?"

"परवा वरून फळी सुटली, तेव्हा मी किती हाका मारल्या तुला!"

"थापा मारू नकोस. फळी माझ्या खांद्याला घासून गेली आणि वर बघतो तर तू नुसता आ वासून उभा!"