मारेकऱ्याची बोली

(विदर्भातल्या हुडकेश्वरातलं घर. दुपारचे अडीच, कूलर चालू. चित्रकार प्रेमानंद आणि त्यांची नात पायल एका टेबलाशी. तिच्या पुढ्यात टॅब, त्यांच्या पुढ्यात जुन्या चित्रकथांचा गठ्ठा.)

पायल : शी! नाही आबाजी, मी या फुग्यांत हे अक्षरं टाकतच नाही.

प्रेमानंद : आता काय झालं वं? तेवीस पानं टाकून पाठवले, एकच राह्यलं. चार वाजता कंपनीले पाठवाचं आहे. न तुले आता शी आठवली?

पायल : या पानावरच आठवली.

प्रेमानंद : मले तं पह्यल्या पानापासून ओकारी येऊन राहिली. रक्त पाय न कसं रंगवलं त्यायनं. जामची बाटली सांडल्यावानी! मी पेन्सिलनं दोन थेंब काढून देल्ले होते, दोन. यायनं बालटी ओतली. माया काळात सुरी दाखवली न पुढच्या चौकटीत कावळे उडवले, की वाचनारा समजून जाये.

पायल : मी रक्ताचं नाही म्हणून राहिली. फुग्यांतलं बोलणं वाचा. मोठ्यानं वाचा.

प्रेमानंद : चष्मा कुठी ठेवला वं माया? हं. वज्रकेतू गुडघ्यावर पडला आहे. मनगटातलं कडं तुटलं, शक्ती गेली. मागं नाला. दुधारी समोर उभा, ते दोन धारांचं पातं त्याच्या गळ्याले लावून. वज्रकेतू म्हणते, 'मला का मारतोस, दुष्टा?' दुधारी म्हणते, 'तुले मारनं मायं कामच हाये बे! आता पाय तुयी कशी खांडोळी करतो!' मंग खच्च. मंग समाप्त. छत्तीस वर्षांचा हिरो नाल्यात. झालं वाचून. टाक आता.

पायल : वाचताना काहीच नाही वाटलं?

प्रेमानंद : वाटलं न. गोष्ट भिकार आहे. एका हातानं इंजन थांबवनारा मानूस येवढासा कडं तुटल्यावर मरते, याले काय गोष्ट म्हनाव? पन हिरो आता कंपनीनं इकत घेतला, गोष्ट त्यायची. मी चित्रं काढून देतो. शेवटचा अंक आहे, माया नावानं निघाला की सुटलो.

पायल : आबाजी, आपल्या इकडं गळ्यावर सुरी असली तर 'दुष्टा' कोण म्हणते?

प्रेमानंद : हिरो म्हणते.

पायल : आणि 'तुले, मायं' कोण म्हणते?

प्रेमानंद : दुधारी म्हणते. पह्यलेपासून तसंच आहे ते.

पायल : आत्ता चष्मा मागितला तो कोणत्या बोलीत मागितला तुम्ही?

प्रेमानंद : लय झाली तुयी वकिली. कंपनीचा फोन वाजून राहिला, दे इकडं. हॅलो? हो, हो, ऋषिकेश सर, नमस्कार. पाठवतोच आहोत. अगदी शेवटचं पान बाकी आहे. नात बसलेली आहे कामाला.

ऋषिकेश : ग्रेट, सर. चार म्हणजे चार हं, प्रेसला वेळ दिलीय. आणि एक छोटीशी गोष्ट. बाविसाव्या पानावर दुधारीच्या फुग्यात टायपो होता, मी काढून टाकलाय. 'ऐक गा' असं पडलं होतं. वाचकाला वाटायचं, गाणं म्हणायला सांगतोय! मी 'ऐक बे' केलंय. जास्त खतरनाक वाटतं.

प्रेमानंद : हो का? बरोबर. टायपोच असेल. नजरचुकीनं राहिला असेल. आभारी आहे, सर.

ऋषिकेश : अहो, आभार कसले. चारला बोलू.

पायल : 'आभारी आहे, सर!' वज्रकेतू बोलला पाहा. मनगटात कडं घातलं का काय फोन उचलताना?

प्रेमानंद : मोठ्या लोकांशी तसंच बोला लागते.

पायल : आणि 'गा' टायपो होता? तुम्हीच सांगितलं होतं मले. 'ऐक गा' लिही म्हणून.

प्रेमानंद : तोंडातून निघून गेलं असन.

पायल : आबाजी, एक सांगू? सातवीत मले तुम्ही त्या मोठ्या शाळेत टाकलं न, तिथं मले काय म्हणत माहीत आहे?

प्रेमानंद : काय म्हनत?

पायल : दुधारी.

प्रेमानंद : कोन म्हने?

पायल : पूर्ण वर्ग. पहिल्याच दिवशी मॅडमले म्हटलं, 'मॅडम, मले पानी प्याले जायचं आहे.' मागून बंटी ओरडला, 'पळा, दुधारी आली!' सगळे बेंचखाली लपले. मॅडमही हसल्या. तीन वर्षं चाललं ते. मी तोंड उघडलं की पोरं गळ्यावर हात ठेवून मरायची अॅक्टिंग करत.

प्रेमानंद : न मले नाही सांगतलं?

पायल : काय सांगू? पुस्तक तुमचं होतं. ते पोट्टे तुमच्याच पुस्तकातून शिकले, की असं बोलते तो सुरीवाला असते. मी घरी येऊन 'मला-तुला' घोटत बसायची आरशापुढं. आजी म्हणे, पोरगी किती शुद्ध बोलते. मले स्वतःचाच आवाज ऐकून किळस येत होती, शुद्धही आणि अशुद्धही.

प्रेमानंद : पानी दे थोडं.

पायल : घ्या. आणि हे काय आहे ते सांगा. जुनी अक्षरं पाहायले मी हा अकरावा अंक काढला. एकोणीस नंबरच्या पानावर फुग्यात चिठ्ठी चिपकवली आहे कोणीतरी. कूलरच्या ओलीनं सुटली.

प्रेमानंद : राहू दे ते.

पायल : चिठ्ठीवर आहे, 'मला का मारतोस, दुष्टा?' कंपनीनं हेच वाक्य उचललं न? आणि खाली छापलेलं आहे... आबाजी! 'मले काहून मारून राहिला गा?' हे वज्रकेतू बोलला?

प्रेमानंद : चुकीनं बोलला.

पायल : चुकीनं कसा बोलन? फुगा तर तुम्ही लिहिला.

प्रेमानंद : घाई होती. तीन दिवसांपासून बसून होतो. पह्यल्यांदा वज्रकेतूले पातं लागलं होतं त्या अंकात. मी चित्र काढलं न त्याच्या जागी स्वतःच गुडघ्यावर बसून पाह्यलं, कसं दुखन म्हनून. दुखल्यावर जे तोंडात आलं ते लिहिलं. कोनाच्या ध्यानात नाही आलं. दोन हजार प्रती छापून झाल्या तेव्हा पुस्तक काढनाऱ्या शेठनं पाह्यलं. पुस्तक फेकून मारलं माया आंगावर. म्हने, 'हिरो रिक्षावाल्यासारखा बोलून राहिला तुया! फाडून टाक नाही तं दुरुस्त कर.'

पायल : मंग?

प्रेमानंद : मंग चिठ्ठ्या लिहिल्या. मी लिहो, तुयी आजी कापे न चिपकवे. चार दिवस. आन खळ कोन शिजवली माहीत आहे? बापूजीनं.

पायल : तुमच्या वडिलांनी?

प्रेमानंद : हाव. बापूजीची गोष्ट तुले अर्धीच माहीत आहे. गिरनीत सूत काढे मानूस. छप्पनच्या दीक्षेनंतर, बायको-लेकरं असताना, पाटी घेऊन अक्षरं शिकला. माया पुस्तकाचा पह्यला वाचक तो. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचे. तिसऱ्या अंकात दुधारी आला. शेठ म्हने, गुंडाची बोली पाहिजे, अस्सल पाहिजे. मी घरी आलो तं बापूजी आंगनात गोट्याले ठेचकाळले न त्या गोट्यालेच म्हनून राहिले, 'तुले मारीन बरं आता! कापून टाकीन!' मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

पायल : दगडाले म्हटलेलं?

प्रेमानंद : दगडाले. त्या मानसानं जिंदगीत कोंबडी नाही कापली. अंक आला, बापूजी बोट ठेवून वाचत गेले, वाचत गेले. मंग थांबले. म्हने, 'काहून गा प्रेमानंद, ज्याच्या हातात सुरी, त्याच्याच तोंडात माया आवाज?'

पायल : तुम्ही काय म्हटलं?

प्रेमानंद : त्याच्यानंतर त्यायनं पुस्तकाले हात नाही लावला. अकरावा अंक आला, तुयी आजी म्हने, वाचा तं खरं. वाचला. एकोनीसव्या पानावर आले न टाळी वाजवली लहान्या लेकरासारखी. तुया आजीले म्हने, 'सिंधू, पाय वं, हा पोट्टा आज आपल्या घरचा झाला!' गल्लीत चार जनाले दाखवून आले. दुसऱ्या दिवशी मी दोन हजार प्रती रिक्षात टाकून घरी आनल्या. त्यायनं इचारलं, काय कराचं आहे? मी म्हटलं, चूक झाकाची आहे. स्टो पेटवला, मैदा कालवला न खळ घोटत बसले. चार दिवस. गाठ नाही पडू देल्ली एक.

पायल : आबाजी...

प्रेमानंद : तू म्हनतं न किळस. मले त्या मैद्याचा वास अजून येते हाताले. पोळीले हात लावला तरी येते. लोकं म्हनतात, प्रेमानंदनं विदर्भाले हिरो देल्ला. थू! मी बापाच्या तोंडावर चिठ्ठी चिपकवली न त्याच्याच हातची खळ लावून.

पायल : पाणी पिऊन घ्या आधी. आता ऐका. आज तर शेठ नाही आहे. वज्रकेतूची शक्ती गेली, कडं तुटलं. तो शुद्ध बोली कशाच्या जोरावर बोलत होता? कड्याच्याच न? मंग आता त्याले त्याच्या बोलीत बोलू द्या.

प्रेमानंद : त्या पोट्ट्याले इचारा लागन.

पायल : विचारा. स्पीकरवर टाकते. लागला पाहा.

ऋषिकेश : बोला, सर! झालं पान?

प्रेमानंद : ऋषिकेश सर, मला असं सांगायचं होतं की शेवटच्या पानात थोडासा बदल करावा. वज्रकेतू आमच्या इकडच्या बोलीत बोलेल. शक्ती गेलेली आहे ना त्याची.

ऋषिकेश : अरेरे, नको, सर. हिरो मरतोय आणि लोक हसतील.

प्रेमानंद : काहून हसतीन?

ऋषिकेश : काय?

प्रेमानंद : का हसतील, सर?

ऋषिकेश : अहो, त्या भाषेला एक रांगडेपणा आहे ना. दुधारीला शोभतो तो. नुसती ऐकली तरी अंगावर काटा येतो, तेच तर हवंय आपल्याला. मला पर्सनली प्रचंड आवडते ती भाषा, गैरसमज नको.

प्रेमानंद : अंगावर काटा येते? मायी माय त्या भाषेत मले झोपवे.

ऋषिकेश : मी समजू शकतो, सर. पण कथा आता फायनल आहे. तुम्हाला जमत नसेल तर शेवटचं पान आमचा इथला आर्टिस्ट करेल. मग मात्र या अंकावर तुमचं नाव देता येणार नाही. छत्तीस वर्षांनंतर, शेवटच्याच अंकावर तुमचं नाव नाही, बरं दिसेल का ते?

प्रेमानंद : नाही दिसनार.

ऋषिकेश : तेच म्हणतोय. मग आहे तसंच पाठवताय ना?

प्रेमानंद : नाही पाठवत गा, ऋषिकेश.

ऋषिकेश : काय म्हणालात?

प्रेमानंद : गा. तो टायपो नाही. बाप पोराले म्हनते, भाजीवाला गिऱ्हाइकाले म्हनते, भांडनारा भांडनाऱ्याले म्हनते. समोर मानूस आहे, येवढंच सांगते तो गा. तू बाविसाव्या पानावरून काढून टाकला न, मी 'आभारी आहे' म्हटलं, त्याची मले आता घान येऊन राहिली. ठेवतो गा.

पायल : ठेवला?

प्रेमानंद : मीच ठेवला.

पायल : नाव गेलं आबाजी.

प्रेमानंद : गेलं. मोठ्या सुंदर अक्षरात काढलं होतं मी या बारीले. जाऊ दे.

पायल : आणि आपलं पान तर ते छापणार नाहीत.

प्रेमानंद : तू पाठव. नाही छापलं तं एक प्रिंट काढ न बापूजीच्या पाटीसंग ठेवून दे पेटीत. चल, लिही. घड्याळ नको पाहू आता.

पायल : सांगा. वज्रकेतूचा फुगा.

प्रेमानंद : 'मले काहून मारून राहिला गा?' अक्षर मोठं कर थोडं. बोट ठेवून वाचता आलं पाहिजे.

पायल : येवढं?

प्रेमानंद : हाव. आता चांगलं आहे.

पायल : आणि दुधारी? त्याले शुद्ध बोलायले लावू? 'क्षमा असावी, हे माझे कर्तव्य आहे!' येऊ दे मजा.

प्रेमानंद : नको वं. तेही घानच. इकडची घान उचलून तिकडं टाकल्यासारखी.

पायल : मंग काय बोलन तो?

प्रेमानंद : फुगा काढ त्याचा. शेपटी नीट तोंडाजवळ आन. हं. आता तसाच राहू दे.

पायल : रिकामा? लोकांले वाटन, छापायचं राहून गेलं.

प्रेमानंद : वाटू दे. बापूजीनं इचारलं तेव्हा मीही काही बोललो नव्हतो.